थर्टी-थर्टीसाठी ओतीव शिशाच्या गोळ्या: साच्यातून निघाल्यापासून हरणाच्या हंगामापर्यंतची चाचणी

विस्कॉन्सिनमध्ये हरणाचा बंदुकीचा हंगाम नऊ दिवसांचा असतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तो सुरू होतो. त्या शनिवारी पहाटे झाडाला टेकून बसल्यावर आपल्या हातातल्या रायफलीतून सुटणारी पहिली गोळी कुठे जाणार, हे ठामपणे सांगता आलं पाहिजे. थर्टी-थर्टी (.३०-३०) या रायफलीच्या काडतुसासाठी घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांच्या सगळ्या चाचण्या या एका गोष्टीसाठी असतात. ऑगस्टमध्ये बाकावरून मारलेला सुंदर ग्रुप (कागदावर जवळजवळ पडलेल्या भोकांचा पुंजका) मोबाइलवर दाखवता येतो, पण हरणावर रोखायला तो पुरत नाही. मी पहिली दोन वर्षं त्या ग्रुपच्या मागे घालवली. तिसऱ्या वर्षी चाचणीचा क्रमच बदलला, आणि तो क्रम इथे मांडतो आहे.

आधी कायद्याचं, कारण हे वाचणारे बरेच जण माझ्यासारखे महाराष्ट्रातून इकडे आलेले असतील. एच-वन, एल-वन, एफ-वन अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगायला मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत आणि वैध शिकारी परवाना हा त्यातला मुख्य. मित्राच्या रेंजवर ‘एकदा मारून बघ’ म्हणतात तेव्हाही हा नियम लागू असतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला संघीय परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी चालत नाही, त्यामुळे तिथल्या वाचकांना हा लेख फक्त कागदी लक्ष्यापुरता. भारतात तर १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना काडतूस बनवणं हा गुन्हा आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. म्हणून हे सगळं इकडेच ठेवायचं. रेंजवर नेलेली बॅग मुंबईच्या विमानप्रवासाला कधीही वापरू नका. अस्तरात अडकलेलं एक काडतूस विमानतळावर सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली कारवाई होते. माझी रेंजची पिशवी वेगळ्या रंगाची आहे आणि ती गॅरेजच्या बाहेर जाते ती फक्त रेंजवर.

दुसरं, या लेखात बंदुकीच्या दारूचं एकही वजन दिलेलं नाही. ते मुद्दाम. दारूचा प्रकार, किमान वजन आणि कमाल वजन हे छापील, चालू आवृत्तीच्या रीलोडिंग मॅन्युअलमधूनच (काडतुसं भरण्याच्या माहितीपुस्तकातूनच) घ्यायचं. तेही ओतीव गोळीच्या रकान्यातून, तांब्याच्या कवचाच्या गोळीच्या रकान्यातून नाही. किमान आकड्याच्याही खाली जायचं नाही. संथ जळणारी दारू फार कमी भरली तर दाब बेभरवशाचा होतो किंवा गोळी नळीतच अडकते.

रायफल आणि गोळी

माझी रायफल मार्लिन ३३६, थर्टी-थर्टी. हे काडतूस विंचेस्टरने १८९५ मध्ये आपल्या १८९४ च्या रायफलीसाठी बाजारात आणलं. कारखान्याच्या १७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळी असलेल्या काडतुसाचा छापील वेग सेकंदाला २,२०० फूट. ओतीव गोळीसाठी मला १,९०० च्या आसपास पुरतात. १७० ग्रेनची गोळी त्या वेगाने निघाली तर नळीच्या तोंडाशी ऊर्जा सुमारे १,३६० फूट-पौंड भरते. आमच्या झाडीत हरणावर रोखायचं अंतर क्वचितच शंभर यार्डांवर जातं, त्यामुळे वेगाची हाव मी सोडून दिली.

गोळीचं टोक चपटं हवं, यात तडजोड नाही. लिव्हर रायफलीच्या (खालचा दांडा खाली-वर करून काडतूस भरणाऱ्या) नळकांडी मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात, म्हणजे एकाचं टोक पुढच्याच्या प्रायमरला, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीला, टेकलेलं असतं. टोकदार गोळी धक्क्याने पुढचा प्रायमर पेटवू शकते. मी लायमनचा ३११०४१ साचा वापरतो. गोळी साधारण १७३ ग्रेनची, चपट्या टोकाची, बुडाला तांब्याची छोटी टोपी बसवायची सोय असलेली. ही टोपी, म्हणजे गॅस चेक, बूड गरम वायूपासून वाचवते. या वेगाला मी ती वगळत नाही.

पहिली मापं

शिशाच्या गोळीचं यश-अपयश निम्म्याहून जास्त जाडीवर ठरतं. तांब्याच्या कवचाची गोळी थर्टी-थर्टीसाठी .३०८ इंच असते. ओतीव गोळी तेवढीच ठेवली तर बहुतेक वेळा वायू बाजूने निसटतो, शिसं वितळतं आणि नळीला चिकटतं. म्हणून आधी स्वतःच्या नळीचं माप घ्यायचं.

रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासा. मार्लिनमध्ये लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर, मग बोल्ट आणि इजेक्टर बाहेर येतात आणि नळी मागून मोकळी होते. विंचेस्टर ९४ मध्ये ही सोय नाही, तिथे काम तोंडाकडूनच. मासेमारीचं शुद्ध, मऊ शिशाचं वजन घ्यायचं, नळीपेक्षा जरासं जाड. नळीला आणि त्याला तेल लावायचं, लाकडी हातोडीने तोंडातून आत ठोकायचं आणि पितळी दांड्याने हळूहळू पलीकडे ढकलायचं. जाताना हात काय सांगतो तिकडे लक्ष द्या. मध्येच एकदम सैल वाटलं तर नळी तिथे रुंद आहे. पुढच्या माशीच्या (नळीच्या तोंडाजवळच्या पुढच्या साइटच्या) खाचेखाली आणि नळीवर जिथे मॅगझिनचा पट्टा बसतो तिथे बरेचदा उलट होतं, दांडा घट्ट लागतो.

बाहेर आलेल्या शिशाचा सर्वांत मोठा व्यास मायक्रोमीटरने मोजायचा. व्हर्नियर कॅलिपर इथे पुरत नाही, प्रश्न इंचाच्या हजाराव्या भागाचा आहे. माझ्या मार्लिनचे चर (गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या खाचा) .३०८५ निघाले. गोळी त्याहून एक ते दोन हजारांश जाड हवी, म्हणून मी .३१० वर थांबलो. मार्लिनने १९५० च्या दशकात मायक्रो-ग्रूव्ह नळ्या आणल्या. त्यांत चर जास्त आणि उथळ असतात, त्यामुळे ‘मार्लिनमध्ये शिसं चालत नाही’ असा समज पसरला. माझ्या अनुभवात ती नळी फक्त जाडीच्या बाबतीत काटेकोर आहे. योग्य जाडीची गोळी दिली की ती चालते.

वरची मर्यादा चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा, ठरवतं. आपल्याच रायफलीतून सुटलेली, अजून साइझ न केलेली (दाबून मूळ मापावर न आणलेली) पुंगळी घ्या आणि ओतीव गोळी बोटाने तिच्या तोंडात घालून बघा. सहज सरकली तर जागा आहे. अडकली तर ती गोळी या चेंबरसाठी जाड आहे. भरलेल्या काडतुसाची मान चेंबरमध्ये आवळली गेली तर गोळी मोकळी सुटत नाही आणि दाब वाढतो. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो, तरी ती न करता पुढे गेलेले लोक मी पाहिलेत.

ओतणं आणि निवड

ओतण्याच्या पद्धतीवर वेगळा लेख लागेल, इथे चाचणीपुरतं. जुन्या चाकांच्या वजनांचं शिसं कडकपणाच्या ब्रिनेल मापावर साधारण ११–१२ कडक असतं, शुद्ध शिसं ५, लायमन नंबर दोन मिश्रण १५. मी चाकांची वजनं आणि थोडं कथील वापरतो. अँटिमनी असलेलं मिश्रण ओतल्यानंतर काही आठवडे हळूहळू कडक होत राहतं. आज ओतलेल्या आणि महिन्यापूर्वी ओतलेल्या गोळ्या एकाच डब्यात मिसळल्या तर दोन वेगळ्या गोळ्यांची चाचणी होते. डब्यावर तारीख लिहा, तीन आठवडे थांबा.

निवडताना गोळी आधी उलटी धरून बूड बघा. टोकावरची बारीक सुरकुती कागदावर फारशी दिसत नाही, पण बुडाची गोल झालेली किंवा तुटलेली कड लगेच दिसते, कारण नळी सोडताना वायू शेवटी बुडाच्या कडेवरूनच निसटतो. मग तोलावर. माझ्या साच्यातून आलेल्या शंभरातल्या बहुतेक दीड ग्रेनच्या पट्ट्यात बसतात. त्याहून हलकी निघाली तर आत पोकळी आहे, ती परत भांड्यात.

शिसं शरीरात साठतं. ओतताना खेळती हवा हवी, भांड्याजवळ ओलावा नको (वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तरी वाफेने शिसं अंगावर उडतं), खाणं-पिणं दूर, कपडे वेगळे धुवायचे, आणि रेंजवरून आल्यावर घरातल्या कुणाला हात लावायच्या आधी हात साबणाने धुवायचे. लहान मुलांच्या रक्तातल्या शिशासाठी सीडीसीचा (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा) संदर्भ-आकडा २०२१ पासून डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम इतका खाली आहे. आमच्याकडे मूल लहान होतं तेव्हा मी ओतकाम घरी केलंच नाही. एका मित्राच्या शेतावरच्या शेडमध्ये करायचो.

दारू भरण्याआधी: नकली काडतुसं

माझ्या जुन्या पद्धतीत ही पायरीच नव्हती. आता ती सर्वांत आधी येते. प्रायमर नाही, दारू नाही, अशी सहा काडतुसं तयार करा. पुंगळीच्या पोटाला आरपार भोक पाडा, म्हणजे खऱ्याशी गल्लत होणार नाही. खोलीत खरं काडतूस एकही नको.

पुंगळी पूर्ण लांबीत साइझ करायची. लिव्हरला बोल्ट रायफलीसारखी जोरदार पकड नसते, घट्ट काडतूस आत ढकलताना ती हट्ट धरते. लांबी .३०-३० च्या २.०३९ इंच मर्यादेच्या आत, आणि सगळ्यांची सारखी, नाहीतर क्रिम्प (पुंगळीचं तोंड गोळीवर आवळणं) प्रत्येकावर वेगळा बसतो. तोंड किंचित फुलवून घ्यायचं, नाहीतर पुंगळीची कड गोळीवरून शिसं खरवडते. गोळीच्या क्रिम्पच्या खाचेतच क्रिम्प करायचा. एकूण लांबी २.५५० इंचांच्या आत.

आता मॅगझिन भरा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि लिव्हर चालवा. एकदा जोरात, एकदा घाबरट माणसासारखी हळू, एकदा रायफल आडवी धरून. हरणासमोर हात कसाही चालतो. काडतूस लांब असेल तर ते वर उचलणाऱ्या कॅरिअरवर अडकतं, फार आखूड असेल तर पुढच्याला वाट मिळते आणि दोघं गुंततात.

चेंबरमध्ये गेलेलं काडतूस न मारता बाहेर काढा आणि गोळी बघा. टोकाजवळ चरांचे हलके ठसे असतील तर चालेल. गोळी नळीत अडकून पुंगळी एकटीच बाहेर आली तर हा बेत बाद. खऱ्या काडतुसात तसं झालं तर दारू रायफलीच्या यंत्रणेत सांडते आणि संध्याकाळी रायफल रिकामी करताना जंगलात उभं राहून काय करायचं ते सुचत नाही.

रेंजवर

नळी आधी तांब्यापासून पूर्ण साफ करा. तांब्याच्या थरावर शिसं अधिक चिकटतं आणि मग दोष गोळीचा की जुन्या थराचा ते कळत नाही. भरताना सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून विजेरीने प्रत्येकीत डोकावून बघा. दारू दोनदा पडलेली किंवा अजिबात न पडलेली पुंगळी इथेच सापडते.

मॅन्युअलच्या किमान वजनापासून सुरू करून मी तीन पायऱ्या भरतो, प्रत्येकी दहा काडतुसं. वेगमापक लावतो. मॅन्युअलने कमाल वजनाला दिलेल्या वेगापेक्षा आपला वेग जास्त दिसला तर तिथेच थांबायचं, रायफल कितीही गोड चालत असली तरी. प्रायमर चपटा झाला का, यावरून लिव्हर रायफलीत दाब ओळखायला जाऊ नका. थर्टी-थर्टीची दाबाची कमाल मर्यादा ४२,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे आणि प्रायमर बोलू लागतो तो बहुधा त्याच्या पलीकडे. लिव्हर उघडताना जड लागली, तर मर्यादा आधीच मागे पडली असं समजून काम बंद करा. आवाज फुसका आला, तर नळी तपासल्याशिवाय दुसरी गोळी मारायची नाही.

आता ग्रुपचं. माझी सर्वांत मोठी चूक तीन गोळ्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवणं ही होती. रायफल, काडतूस, माणूस तोच असला तरी पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरीने तिनाच्या ग्रुपपेक्षा पाव हिश्शाहून जास्त मोठा येतो आणि दहांचा सुमारे ५८ टक्के मोठा. हा शुद्ध गणिताचा भाग आहे. वर पाच गोळ्यांचे ग्रुप एकाच डब्यातून मारले तरी आपापसांत पाव हिश्शाने इकडे-तिकडे होतात. म्हणजे एका पायरीचा ग्रुप अडीच इंच आणि दुसरीचा तीन इंच आला, तर त्यावरून काहीच ठरत नाही. मी आता प्रत्येक पायरीचे दहा मारतो, आणि दोघांत स्पष्ट फरक नसेल तर कमी वेगाची निवडतो. हरणाचा मर्मभाग आठेक इंचांचा असतो. उघड्या साइटवर शंभर यार्डांना दहा गोळ्या चार इंचांत बसल्या तर मी समाधानी.

टेकवताना रायफलीची नळी पिशवीवर टेकवू नका. पुढच्या लाकडाला पिशवी द्या, तीही जमेल तितकी मागे, आणि दर वेळी त्याच जागी. नळी, मॅगझिनची नळी, पट्टे आणि लाकूड एकमेकांना धरून असतात, त्यामुळे तापलं की गोळ्या सरकू लागतात. मी दोन गोळ्यांमध्ये मिनिटभर थांबतो, पाचांनंतर रायफल सावलीत उभी ठेवतो.

दहा गोळ्या झाल्या की नळीत डोकावा. चेंबरच्या पुढे लगेच शिसं चिकटलं असेल तर गोळी बहुधा बारीक आहे. तोंडाजवळच्या शेवटच्या काही इंचांत असेल तर गोळीला लावलेलं वंगण वाटेतच संपलं असण्याची शक्यता. पितळी ब्रशवर शुद्ध तांब्याचे तंतू गुंडाळून ते निघतं. बाजारातले भांडी घासायचे काही तांबडे गोळे आतून लोखंडी असतात. चुंबक लावून बघा, चिकटला तर नळीत घालू नका.

यानंतर दोन छोट्या चाचण्या. मॅगझिनमध्ये पाच भरा, शेवटी सुटणाऱ्याची (म्हणजे आधी भरलेल्याची) लांबी भरण्याआधीच मोजून ठेवा, चार मारा आणि शेवटचं बाहेर काढून पुन्हा मोजा. धक्क्याने गोळी आत सरकली असेल तर क्रिम्प कमी पडतो आहे. माझ्या पहिल्या ‘यशस्वी’ काडतुसाची लांबी अशीच घटत होती, आणि मी ते काडतूस एक हंगामभर खांद्यावर वागवलं होतं. दुसरी चाचणी दारूच्या जागेची. पुंगळी अर्धी रिकामी असेल तर मारण्याआधी एकदा नळी वर करून हळूच खाली आणा, पुढच्या वेळी खाली करून हळूच वर, दोन्ही वेळा रेंजच्या भिंतीच्या दिशेनेच. वेगात मोठी तफावत दिसली तर दुसरी दारू शोधा. हरणाच्या दिशेने रायफल कशी उचलली जाईल ते आधी ठरवता येत नाही.

साइटची दुरुस्ती

ओतीव गोळी बहुतेक वेळा कारखान्याच्या गोळीपेक्षा वेगळ्या उंचीवर लागते. मागची साइट पुरली नाही तर पुढची माशी बदलावी लागते. हिशोब सोपा: चूक किती इंच, गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर इंचांत. साइटमधलं अंतर २० इंच, शंभर यार्ड म्हणजे ३,६०० इंच, गोळी तीन इंच खाली लागते आहे, तर बदल .०१७ इंचाचा. गोळी वर न्यायची तर माशी तेवढी बुटकी हवी. कानशीने घासायची तर तीन वेळा थांबून, कारण घासलेलं परत येत नाही.

गोळी हरणात काय करेल

कडक गोळी नळीला आवडते, पण ती हरणातून पेन्सिलीसारखी आरपार जाऊ शकते. ही तपासणी कागदाने होते. जुनी वर्तमानपत्रं रात्रभर भिजवून घट्ट बांधलेला दोनेक फुटांचा गठ्ठा पन्नास यार्डांवर, मागे मातीचा पक्का बांध. गोळी शोधून तिचं तोंड किती पसरलं आणि वजन किती उरलं ते लिहा. माझी चाकांच्या वजनांची गोळी जेमतेम पसरली. निम्मं शुद्ध शिसं मिसळल्यावर तोंड छान उघडलं आणि वजन जवळजवळ पूर्ण राहिलं. मिश्रण बदललं म्हणून मापापासून सगळी चाचणी पुन्हा केली. त्यात एक महिना गेला, पण तो टाळता येत नाही.

थंड नळी

ऑक्टोबरपासून मी एकच कागद वापरतो. साफ केलेल्या नळीतली पहिली गोळी बरेचदा वेगळीकडे जाते, म्हणून आधी तीन मारून नळी वंगणाने माखून घेतो आणि हंगाम संपेपर्यंत चिंधी लावत नाही. त्यानंतर रेंजवर जाईन तेव्हा रायफल गाडीतून थंडगार काढायची, जाड जॅकेट आणि हातमोजे घालायचे, मॅगझिन भरायचं, आणि बाकावर नाही, गुडघ्यावर बसून एकच गोळी. कागद खाली उतरवायचा, तारीख आणि तापमान भोकाशेजारी लिहायचं, घरी यायचं. पुढच्या वेळी तोच कागद परत लावायचा. उन्हाळ्यातलं वंगण गोठणाऱ्या थंडीत वेगळं वागू शकतं, जॅकेटमुळे दस्ता खांद्यावर वेगळा बसतो, हातमोज्यात घोडा अर्ध्यावर उतरवताना बोट घसरू शकतं. हे सगळं त्या एका गोळीत तपासलं जातं.

गेल्या वर्षीच्या कागदावर अकरा भोकं आहेत. शंभर यार्डांवर नऊ गोळ्या साडेपाच इंचांत आहेत. एक डावीकडे गेली, तिच्याशेजारी मी ‘चाप ओढला, दाबला नाही’ असं लिहिलंय. आणि एक खाली, त्या दिवशी वजा अकरा सेल्सियस होतं. त्या कागदावरून मी माझी मर्यादा शंभर यार्डांवरून ऐंशीवर आणली, आणि शनिवारी पहाटे ऐंशी यार्डांवरच्या ओकला नारिंगी फीत बांधून आलो.